पांढरीचे टेकाड कसे पाहावे: दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन गावांकडे पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

मराठेशाहीतील जुन्या कागदपत्रांमध्ये गावच्या जमिनीचा उल्लेख ‘काळी’ आणि ‘पांढरी’ अशा जोडीने येतो. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे माणसांच्या वस्तीची जागा. हा फरक केवळ वापराचा नाही, तो मातीचाच आहे. एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटल्या, त्यांची राख उकिरड्यावर पडली, सारवलेल्या जमिनीवर पुन्हा सारवण चढले, पावसात मातीच्या भिंती बसल्या आणि त्यांच्याच ढिगावर नवे घर उभे राहिले, की त्या जागेची माती शेजारच्या रानापेक्षा फिकट, भुसभुशीत आणि उंच होत जाते. वस्ती उठून गेली तरी हा रंग जात नाही. प्रवरा, गोदावरी, घोड, भीमा आणि तापी या नद्यांच्या काठांवर अशी ओसाड टेकाडे आजही आहेत, आणि त्यांपैकी काहींच्या तळाशी तीन ते चार हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची गावे आहेत.

पुरातत्त्वाचे कोणतेही शिक्षण नसताना अशा टेकाडावर जाऊ इच्छिणाऱ्या वाचकासाठी हा लेख आहे. तो विद्यार्थी असेल, शाळेत शिकवत असेल किंवा ज्याच्या स्वतःच्या शेतातच पांढर आहे असा शेतकरी असेल. खोदकाम हा या लेखाचा विषय नाही. ते प्रशिक्षित माणसांनी, शासनाच्या परवानगीनेच करायचे काम आहे. येथे शिकायचे आहे ते पाहणे आणि पाहिलेले नोंदवणे. पुढच्या सर्व पायऱ्यांचा आधार असलेली एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच मनात ठेवावी, ती ही की पुरातत्त्वात वस्तूपेक्षा ती पडली आहे ती जागा अधिक मोलाची असते. खापराचा तुकडा खिशात आला की तो केवळ खापराचा तुकडा उरतो. जमिनीवर, आपल्या थरात असतो तोवर तो साक्षीदार असतो.

पहिली पायरी: काळाची चौकट बसवून घ्या

आपल्याकडे माणसाचा वावर फार जुना आहे. नेवासे हे गाव मराठी वाचकाला ज्ञानेश्वरीमुळे ठाऊक असते, पण त्याच गावाजवळ प्रवरेच्या जुन्या गाळात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडली आणि तिथल्या लाडमोड टेकाडावर १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगापासून मध्ययुगापर्यंतच्या वस्त्यांचे थर एकावर एक मिळाले. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे पुरातत्त्वज्ञ शां. अ. साळी यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर कोरलेली आडव्या-तिरप्या रेघांची नक्षी मिळाली, आणि तिचा काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा ठरला. हे सर्व भटक्या शिकाऱ्यांचे जग होते. घर बांधून, शेती करून, एका जागी टिकून राहिलेली जी पहिली गावे आपल्याला महाराष्ट्रात नीट ओळखता येतात, ती इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या आगेमागे येतात. दगडाची पाती आणि तांब्याची हत्यारे ही दोन्ही सोबत वापरली जात असल्यामुळे या काळाला ताम्रपाषाणयुग म्हणतात.

नवख्या माणसाने पाठ करावीत अशी नावे पाचच आहेत, आणि ती पाचही एकाच टेकाडात क्रमाने मिळतात. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी असलेल्या दायमाबादला तळापासून वर येताना सावळदा, उत्तर हडप्पा (येथे ‘उत्तर’ म्हणजे दिशा नव्हे, नंतरचा काळ), दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच संस्कृतींचे थर आहेत, आणि त्यांचा काळ सुमारे इसवी सनपूर्व २२०० ते १००० असा आहे. यांतली बहुतेक नावे ज्या गावी किंवा प्रदेशात ती विशिष्ट भांडी प्रथम ओळखली गेली त्यावरून पडलेली आहेत. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातील गाव; तेथे १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले. जोर्वे भांडी वापरणारी माणसे स्वतःला काय म्हणवीत होती हे कळण्याचा मार्ग नाही, कारण त्यांनी लिपी वापरल्याचा पुरावा नाही. म्हणून ‘जोर्वे लोक’ असे वाचताना ती एका जमातीची ओळख नसून मडक्यांच्या एका घडणीची ओळख आहे, हे विसरू नये.

दुसरी पायरी: टेकाडाआधी संग्रहालय

पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील पुरातत्त्व संग्रहालय हे या विषयाचे खरे प्रवेशद्वार आहे. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे घोड नदीच्या उजव्या काठावर याच संस्थेने १९६८ ते १९८३ या काळात हंगामामागून हंगाम उत्खनन केले. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी या तिघांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या कामात १३० हून अधिक घरांचे अवशेष उघडे झाले. दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन खेड्याविषयी आपल्याला जे तपशिलाने माहीत आहे, त्यातला मोठा भाग या एका गावाने दिलेला आहे.

संग्रहालयात सर्वांत सुंदर वस्तूपुढे रेंगाळण्याचा मोह होतो. तो थोडा आवरून खापरांच्या कपाटापुढे अर्धा तास उभे राहावे. पूर्ण भांडे टेकाडावर जवळजवळ कधीच दिसत नाही, दिसतात ते तुकडे. म्हणून पूर्ण भांडे पाहताना ते फुटले तर त्याचा कोणता भाग ओळखू येईल असा विचार करीत पाहावे. तोटी कशी जोडली आहे, काठ बाहेर किती वळला आहे, वाडग्याच्या पोटाला कोन कुठे पडला आहे, हे वहीत स्वतःच्या हाताने काढावे. छायाचित्रापेक्षा वाकडेतिकडे का होईना, पण काढलेले चित्र डोळ्याला अधिक शिकवते.

तिसरी पायरी: जागा, हंगाम आणि परवानगी

जुनी शेतकरी वस्ती कुठे असू शकते याचे तर्कशास्त्र सोपे आहे, आणि आपल्याकडचा कोणताही जाणता शेतकरी ते ओळखील. बारमाही पाणी टिकणारा नदीचा डोह, पुराच्या रेषेपेक्षा उंच असलेला काठ, हाताच्या अंतरावर कसता येईल असा काळ्या किंवा गाळाच्या मातीचा पट्टा, आणि हत्यारांसाठी गारगोटीच्या जातीचे दगड पुरवणारा नदीचा वाळवंटाचा भाग, एवढ्या चार गोष्टी जुळल्या की जागा विचारात घेण्यासारखी होते. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांमध्ये तयार झालेला कॅल्सेडनी हा अर्धपारदर्शक दगड झिजून नद्यांमध्ये गोट्यांच्या रूपाने येतो; त्याचीच लांब, अरुंद पाती काढून लाकडात किंवा हाडात बसवली जात. अशा पात्याच्या पाठीवर सहसा दोन समांतर कडा दिसतात, आणि आपोआप फुटलेल्या गारगोटीपासून ते वेगळे ओळखण्याची ती पहिली खूण आहे.

टेकाडावर जाण्यासाठी रब्बीची काढणी झाल्यानंतरचे, किंवा पहिल्या पावसाने माती धुऊन निघाल्यानंतरचे, पण तण माजण्यापूर्वीचे दिवस निवडावेत. दिवसाची वेळही महत्त्वाची असते. मी माझ्या पहिल्या भेटीला एप्रिलमधल्या भर दुपारी गेलो होतो आणि सगळीकडे एकसारखी पांढरी धूळ पाहून निराश होऊन परतलो. त्याच जागी पुढच्या जानेवारीत सकाळी आठ वाजता गेलो, तेव्हा तिरप्या उन्हात जमिनीचा प्रत्येक उंचवटा सावली टाकत होता, आणि जिथे मला काहीच दिसले नव्हते तिथे राखेचे तीन वेगवेगळे पट्टे स्वच्छ दिसत होते. माती तीच होती; बदलला होता तो फक्त उजेड.

जमीन जवळजवळ नेहमीच कुणाच्या तरी मालकीची असते. त्यामुळे आधी गावात जाऊन मालकाला भेटावे, काय पाहायचे आहे आणि काहीही उचलायचे नाही हे सांगावे. ‘धन शोधायला आले’ ही शंका क्षणात पसरते, आणि एकदा पसरली की टेकाडाचेच नुकसान होते, कारण आपल्यामागून रात्री कुदळी येतात. ती जागा संरक्षित स्मारक असेल तर तेथील फलकावरचे नियम पाळावेत. गावातील म्हाताऱ्या माणसांशी बोलणे हा या पायरीचा सर्वांत फलदायी भाग आहे. पांढरीची माती खत म्हणून कोणत्या शेतात नेली, माळवदावर कोणत्या बाजूची माती टाकली, विहीर खणताना किती हातांवर राख लागली, हे त्यांना नेमके आठवते, आणि अशी माहिती कोणत्याही नकाशात मिळत नाही.

चौथी पायरी: खापर

टेकाडावर पहिल्यांदा पाऊल टाकल्यावर पायाखाली जे असते ते बहुतेक खापर. नवख्याची पहिली चूक अशी होते की प्रत्येक लाल तुकडा चार हजार वर्षांचा वाटतो. टेकाडाच्या पृष्ठभागावर मंगलोरी कौल, परवाच्या माठाचा तुकडा, काचेची बांगडी, सातवाहन काळातले भांडे आणि जोर्वे काळचे खापर हे सारे एकाच वितीत शेजारी-शेजारी पडलेले असू शकतात, कारण नांगर, उंदीर आणि पाऊस थरांचा मान ठेवत नाहीत. म्हणून पृष्ठभागावरच्या एका तुकड्यावरून काहीच ठरवू नये. ठरवावे ते शंभर तुकडे पाहून, आणि तेही ‘असावे’ या भाषेत.

आता एक तुकडा जवळून पाहू. तो अंगठ्याच्या दीडपट लांब आहे, जाडी बोटाच्या नखाइतकी आहे. बाहेरची बाजू गाजरी-लाल, गुळगुळीत, आणि तिच्यावर काळ्या रंगाच्या तीन आडव्या रेघा आहेत. सर्वांत खालच्या रेघेखाली तिरप्या रेघांनी भरलेल्या चौकटीचा एक कोपरा उरला आहे. आतल्या बाजूला बारीक, समांतर वळ्या आहेत. ह्या वळ्या चाकाच्या आहेत, म्हणजे भांडे फिरत्या चाकावर घडवले आहे. कडेला तुटलेल्या भागाकडे पाहिले तर मधोमध करडा गाभा नाही, सगळीकडे लालच आहे, म्हणजे भट्टीचा ताव शेवटपर्यंत पोचला होता. नखाने टिचकी मारली तर खणखणीत आवाज येतो. चाकावरची घडण, पूर्ण भाजणी, लाल अंग, काळ्या रंगातली भूमितीय नक्षी आणि धातूसारखा नाद हे जोर्वे भांड्यांचे गुण आहेत. पोटाला कोन असलेला वाडगा आणि लांब तोटीचे, फाकलेल्या तोंडाचे पात्र हे त्यांचे दोन ठळक आकार. माळव्याच्या भांड्यांचे अंग त्या मानाने जाड आणि पिवळट-नारिंगी असते, नक्षी गडद तपकिरी किंवा काळी असते, आणि तिच्यात प्राण्यांची चित्रेही अधिक भेटतात.

नादावर मात्र एकट्याने विसंबू नये. चांगल्या कुंभाराचा आजचा माठही खणखणतो. आकार, आतल्या वळ्या, गाभा आणि नक्षी या चारींपैकी निदान तीन गोष्टी जुळाव्यात, आणि मगच वहीत जोर्वे असे प्रश्नचिन्हासह लिहावे. पाहून झाल्यावर तुकडा जिथून उचलला तिथेच, त्याच बाजूने ठेवावा. त्याआधी शेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे.

पाचवी पायरी: कापलेला काठ आणि त्यातले घर

ज्याला टेकाडाचे अंतरंग पाहायचे आहे त्याने नदीकडच्या बाजूला जावे. पुराने किंवा माती नेणाऱ्यांनी टेकाड उभे कापलेले असते, आणि त्या कापावर थर चपात्यांच्या चवडीसारखे दिसतात. सर्वांत खालचा थर सर्वांत जुना, हा साधा नियम. पण त्या नियमाला खड्डे छेद देतात. नंतरच्या माणसाने खणलेला खड्डा जुन्या थरांतून खाली उतरतो आणि नवी माती जुन्या पातळीवर नेऊन ठेवतो. म्हणून काप पाहताना थरांच्या आधी खड्ड्यांच्या कडा शोधाव्यात, आणि त्या दिसल्यावरच थर मोजायला घ्यावेत. काप ढासळता असतो. त्याच्या अगदी पायथ्याशी बसू नये आणि तो साफ करण्यासाठी चाकू किंवा खुरपेही लावू नये.

घराची जमीन कापात बोटभर जाडीच्या, घट्ट, फिकट रेघेसारखी दिसते. बहुतेकदा ती एक नसते. तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी अशा पातळ रेघा असतात, आणि त्या प्रत्येक वेळच्या सारवणाच्या किंवा दुरुस्तीच्या असतात. तिच्यावर काळपट राखेची भिंगासारखी फुगीर पट्टी असेल तर ती चुलीची जागा असू शकते. जमिनीतून सरळ खाली उतरणारी, वरून रुंद आणि खाली निमुळती, गडद मातीची जीभ दिसली तर तो मेढीचा खळगा असण्याचा संभव असतो. लाकूड कुजून गेले आणि त्या जागेत वरची माती भरली. तळहाताएवढा भाजलेल्या मातीचा गोळा मिळाला आणि त्याच्या एका बाजूला काठ्यांचे गोल ठसे असले, तर तो कुडाच्या भिंतीवरचा लिंपण आहे. घर जळाल्यामुळे तो भाजला गेला आणि म्हणूनच टिकला. ज्यांनी कोकणात किंवा आदिवासी पाड्यांवर कुडाचे घर पाहिले आहे, त्यांना हे ठसे पाहून काहीच समजावून सांगावे लागत नाही.

इनामगावला हे सर्व वरून, आडव्या पातळीवर उघडे केले गेले, आणि म्हणून तिथे घराचा अख्खा आराखडा मिळाला. इसवी सनपूर्व १६०० ते १४०० या माळवा काळात घरे चौकोनी आणि ऐसपैस होती, काहींमध्ये मधोमध कुडाची आडभिंत होती. जमिनीत खड्डा घेऊन त्यावर छप्पर घातलेली निवासस्थानेही होती. १४०० ते १००० या पूर्व जोर्वे काळात घरे सुमारे ५ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद अशी आयताकृती झाली, ओळीने बांधली गेली आणि दोन घरांमध्ये बोळ सोडला गेला. भिंतीचा पाया बसक्या मातीच्या बांधाचा, वर कूड, आणि त्यावर गवताचे छप्पर. घरात चूल, धान्य साठवायला चुन्याने लिंपलेली पेवे, आणि मोठे रांजण किंवा कणग्या टेकवण्यासाठी मांडलेले सपाट दगड. सातू हे मुख्य धान्य होते. गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा यांचे जळके दाणेही मिळाले आहेत. नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी खणलेला कालवा आणि त्यालगतचा बांधही सापडला, म्हणजे एकट्या कुटुंबाला न झेपणारे काम गावाने मिळून केले होते.

याच काळातले एक घर पाच खोल्यांचे आहे आणि त्याला लागून धान्याचे कोठार असावे अशी इमारत आहे. उत्खननकर्त्यांनी ते गावाच्या प्रमुखाचे घर मानले. कुंभार, सोनार यांसारख्या कारागिरांची घरे वस्तीच्या कडेला होती असेही दिसले. येथे नवख्या वाचकाने एक सवय लावून घ्यावी: वहीचे पान मधोमध दुमडावे, डावीकडे जे डोळ्यांना दिसले ते लिहावे, उजवीकडे त्यावरून काढलेला तर्क लिहावा. ‘पाच खोल्या, शेजारी कोठार’ हे डावीकडे. ‘प्रमुख’ हे उजवीकडे. उजवीकडची गोष्ट चुकीचीच असते असे नव्हे, मला स्वतःला तो तर्क पटतो. पण उद्या नवा पुरावा आला तर कोणती बाजू बदलायची हे आपल्याला माहीत असले पाहिजे.

इसवी सनपूर्व १००० नंतरच्या उत्तर जोर्वे काळात चित्र पालटते. चौकोनी घरांच्या जागी लहान, गोल झोपड्या येतात, त्या ओळी सोडून झुबक्यांनी उभ्या राहतात, भांड्यांवरची नक्षी उणावते, शेतीपेक्षा शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवरचा भर वाढतो. पाऊसमान घटल्यामुळे हे लोक अर्धभटके झाले असावेत असे ढवळीकरांनी मांडले. इसवी सनपूर्व ७०० च्या सुमारास गाव ओस पडले. मला या सगळ्यात सर्वांत जास्त हलवून जाते ते घराच्या आकाराचे बदलणे. दुष्काळ हा शब्द कुठेही लिहिलेला नाही, पण चौकोनाचा गोल झाला आणि पाच मीटरची भिंत उरली नाही, यातून तो कळतो.

सहावी पायरी: जमिनीखालची माणसे

ताम्रपाषाणयुगीन गावात स्मशान वेगळे नव्हते. मृताला घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरत असत. लहान मुलांसाठी दोन करड्या, ओबडधोबड रांजणांची तोंडे एकमेकांना भिडवून ती आडवी पुरली जात. मोठ्या माणसाला खड्ड्यात, डोके उत्तरेकडे करून उताणे निजवीत, आणि पुष्कळदा घोट्याखालचा भाग तोडलेला असे. मृताने परत चालत येऊ नये म्हणून असे केले असावे हे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. वहीत ते उजवीकडच्या बाजूला जाते.

इनामगावच्या पाच खोल्यांच्या घराच्या परिसरात एक वेगळेच दफन मिळाले. चार आखूड पाय असलेल्या, न भाजलेल्या मातीच्या मोठ्या पात्रात एक प्रौढ पुरुष बसलेल्या अवस्थेत ठेवला होता, आणि त्याचे पाय तोडलेले नव्हते. सोबतच्या भांड्यांपैकी एकावर वल्ह्यांची लांब नाव रंगवलेली आहे. घोड नदीच्या काठी, समुद्रापासून इतक्या आत, ती नाव कुणी आणि का काढली असेल हा प्रश्न त्या भांड्यापुढे उभे राहिलेल्या प्रत्येकाला पडतो.

कापात दोन रांजण तोंडाला तोंड लावून दिसले किंवा हाडे उघडी पडली असतील, तर त्याला हात लावू नये, तेथून माती काढू नये आणि त्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकू नये. ते कुणाचे तरी मूल आहे. ज्या दिवशी असे दिसेल त्याच दिवशी कळवावे. कुठे, ते पुढे येते.

सातवी पायरी: कला कुठे शोधावी

या गावांमध्ये शिल्प किंवा चित्र वेगळे काढून ठेवलेले नसते, ते घराच्या जमिनीखाली आणि पाण्याच्या भांड्यावर असते. इनामगावच्या एका घराच्या जमिनीत मातीची झाकण असलेली डबी पुरलेली मिळाली. तिच्यासोबत एक मस्तक असलेली आणि एक मस्तक नसलेली अशा दोन स्त्रीमूर्ती व एक बैल होता. मस्तकहीन मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला छिद्रे होती. काडी घातली की ती बैलावर बसत असे. सारे कच्च्या मातीचे, म्हणजे टिकावे म्हणून केलेलेच नव्हे. उत्खननात डबी, मूर्ती आणि बैल यांची एकमेकांसापेक्ष जागा नोंदली गेली म्हणून ही जोडणी आपल्याला कळली. तीच माती कुणी कुदळीने उकरली असती, तर हाती मातीचे चार तुकडे आले असते.

याच्या उलट उदाहरण दायमाबादचे आहे. १९७४ मध्ये तेथे एका शेतकऱ्याला झाडाच्या मुळाशी खणताना चार भरीव ओतीव धातुशिल्पे मिळाली: दोन बैल जोडलेला आणि माणूस हाकीत असलेला सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. कारागिरीच्या दृष्टीने भारतीय उपखंडात त्यांच्या तोडीचे फार थोडे आहे. परंतु ती नोंदवलेल्या थरातून आलेली नसल्यामुळे त्यांचा काळ नेमका कोणता याविषयी विद्वानांत मतभेद राहिले. साळींनी १९७५ ते १९७९ या काळात तेथे केलेल्या उत्खननाच्या आधारे ती उत्तर हडप्पा काळात बसवली, काहींनी धातूच्या घटकांवरून शंका घेतली. शेतकऱ्याचा यात काहीही दोष नाही, त्याने वस्तू दडवल्या नाहीत. पण जागा हरवल्याची किंमत एवढ्या मोठ्या वस्तूलाही चुकलेली नाही, हे नवख्याने पक्के लक्षात घ्यावे.

कोकणच्या सड्यांवरील, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवरील, कातळशिल्पे हा याहून निराळा विषय आहे, आणि त्याला स्वतंत्र लेख हवा. येथे एवढेच सांगतो की कशेळी, बारसू, देवीहसोळ, उक्षी, कुडोपी किंवा गोव्यात कुशावतीच्या काठचे पणसायमळ येथे जाणाऱ्याने थर शोधू नयेत, कारण उघड्या जांभ्यावर ते नसतातच, आणि काळ ठरवणे म्हणूनच अवघड जाते. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. जवळून तो दिसत नाही, रेषा फक्त दिसतात. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उजेडात, थोड्या उंचीवरून पाहावे, रेषांमध्ये खडू किंवा रंग भरू नये आणि पादत्राणांनी त्यांच्यावर चालू नये.

आठवी पायरी: नोंद आणि कळवणे

टेकाडावरून परतताना हातात फक्त वही, छायाचित्रे आणि मोबाइलवर घेतलेले अक्षांश-रेखांश असावेत. वहीत तारीख आणि वेळ, गावाचे व शिवाराचे नाव, गट क्रमांक कळला असल्यास तो, नदीपासूनचे पावलांनी मोजलेले अंतर, टेकाडाची अंदाजे लांबी-रुंदी आणि उंची, कोणत्या बाजूने माती कापली आहे, आणि खापरे कुठे दाट व कुठे विरळ आहेत याचा साधा आराखडा लिहावा. आराखड्यावर उत्तर दिशेचा बाण काढायला विसरू नये. नवख्यांच्या दहा आराखड्यांपैकी निम्म्यांत तो नसतो आणि मग सारा खटाटोप वाया जातो. कापाचे छायाचित्र घेताना शेजारी मोजपट्टी उभी धरावी आणि जिथे उभे राहिलो ती जागाही आराखड्यावर खुणेने दाखवावी.

कायदा थोडक्यात असा आहे. जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. १९७२ चा पुरावस्तूविषयक कायदा जुन्या वस्तूंचा व्यापार आणि देशाबाहेर पाठवणे यांवर निर्बंध घालतो, आणि १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार संरक्षित स्थळाची हानी हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या विभागीय सहायक संचालकांकडे, किंवा तहसील कार्यालयामार्फत, लेखी माहिती द्यावी. सोबत आराखडा आणि छायाचित्रांच्या प्रती जोडाव्यात, आणि पोच घ्यावी. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागालाही एक प्रत पाठवणे उपयोगाचे ठरते.

कळवण्यात दिरंगाई करू नये असे मी आग्रहाने सांगतो. एका नदीकाठी मी एका उन्हाळ्यात छातीएवढ्या उंचीचा काप पाहिला होता. त्यात सारवणाच्या पाच रेघा, एक चूल आणि अर्धा बाहेर आलेला रांजण होता. पुढच्या वर्षी आराखडा नीट करायचा म्हणून परत गेलो, तेव्हा तिथे वीटभट्टीसाठी माती नेलेला सपाट खड्डा होता आणि त्यात पावसाचे पाणी साचले होते. माझ्याकडे त्या घराचे फक्त एक छायाचित्र उरले आहे, आणि त्यात मोजपट्टी नाही.

म्हणून पहिल्या भेटीतच पूर्ण नोंद करावी, आठवड्याभरात ती पाठवावी, आणि दर पावसाळ्यानंतर त्याच खुणेच्या जागी उभे राहून त्याच कापाचे, मोजपट्टीसह, नवे छायाचित्र घ्यावे.